पेननं काढलेला वाघ

"आजी, वाघ पट्ट्याचा काढू का ठिपक्याचा?"

मी खिचडीत मीठ टाकत होते. मूठ तशीच वर राहिली.

"वाघ पट्ट्याचाच असते व. ठिपक्याचा तो बिबट. पण तू आता कायले काढून राह्यली? परवा काढला ना?"

"तो पेन्सिलचा होता. आता पेननं काढायचा हाय. भगवान आबा हाव म्हणले!"

एवढं ओरडून उर्वशी पळालीसुद्धा. माझी नात, पाचवीत आहे. मी मीठ टाकलं की नाही तेच मला आठवेना. चाखून पाहिलं, तर तेही कळेना.

ही पेन-पेन्सिलची काय भानगड आहे ते आधी सांगते, नाहीतर माझी धडधड तुम्हाला समजायची नाही.

आमची जुनी बेलसरी कोळशाच्या खाणीत गेली, त्याला चौदा वर्षं झाली. वणीकडच्या माळावर सरळ रेघेत प्लॉट पाडून दिले, त्याला आम्ही नवी बेलसरी म्हणतो. दोन खोल्यांची शाळा आहे, बावीस पोरं, आणि त्यांची खिचडी शिजवणारी मी. शीला मॅडम राळेगावच्या. तीन वर्षांपूर्वी बदलून आल्या आणि येताना अख्खं जग घेऊन आल्या. भिंतीवर टीव्ही टांगला, त्याला नेट जोडलं. पुस्तकातली एक ओळ वाचायच्या आणि म्हणायच्या, "चला, खरं आहे का पाहू." मग नाईल नदी काय, बर्फातली घरं काय, सगळं आमच्या खोलीत. मी खिचडी हलवायचा सराटा हातात घेऊन दारातून पाहायची. एकदा कुठल्या तरी देशातल्या पोरी पाण्यासाठी सात किलोमीटर चालताना दाखवल्या. मी म्हटलं, "मी चौदा चालत होती. डोक्शावर तीन घागरी, अन् वरच्या घागरीवर माहा पोरगा बसलेला." पोरांनी ते वहीत लिहून घेतलं. पेन्सिलनं.

कारण मॅडमचा नियमच तो. एका ठिकाणी सापडलं तर पेन्सिलनं लिहायचं. दुसऱ्या, वेगळ्या ठिकाणी तेच सापडलं तर पेननं. मग ते नेट असो, पुस्तक असो की म्हातारी. माझ्या नावावर त्या वर्गात ढीगभर पेन्सिल आहे. एका साली कापूस इतका निघाला की त्यात बैल हरवला आणि तिसऱ्या दिवशी जांभई दिली म्हणून सापडला, हेही पेन्सिलनंच. माझं काही बिघडत नव्हतं. पेन्सिलीत माणूस सुखानं राहतो.

बिघडलं ते गेल्या महिन्यात. मॅडमनी आभाळातून काढलेला आमचा फोटो टीव्हीवर लावला. खाली एक पट्टी होती, तिच्यावर सालं. बोटानं पट्टी मागं ओढली की साल मागं जातं. खाणीच्या मातीचा राखाडी डोंगर आधी बुटका झाला, मग नुसता डाग राहिला, मग नाहीसाच झाला, आणि त्याच्याखालून आमचं गाव वर आलं. टिनाची छपरं, नाल्याकडे जाणारी वाट, शाळेचं पटांगण. मी दाराची चौकट धरली.

आणि दोन काळे गोल ठिपके.

"मॅडम, ह्या इहिरी व्हय," पिंटू म्हणाला. भगवानरावांचा नातू, उर्वशीच्याच बाकावर बसतो. "पण दोन काहून? साठ तं घरं, अन् चाळीस पावलांवर दोन इहिरी?"

मॅडम म्हणाल्या, "कुठे आहेत ते नेट सांगतं. का आहेत ते नाही सांगत. घरी विचारून या."

पन्नास वर्षांपूर्वी त्या विहिरींवर पाणी भरलेली माणसं गावात उरली दोनच. एक मी, एक भगवानराव. पिंटूनं आजोबांना विचारलं, ते म्हणाले, "सत्यभामा आजीले इचार." उर्वशीनं मला विचारलं. मी भाकर थापत होते. तोंडातून निघून गेलं, "एक माणसाची. दुसरी वाघाची." मग काय, वाघ रोज सांजेला यायचा, बाया पाणी भरायला भ्यायच्या, म्हणून गावानं त्याला वेगळी विहीर खणून दिली, दोर ओढता येत नाही म्हणून पायऱ्या बांधून दिल्या. भाकर फुगेपर्यंत गोष्ट तयार.

आज त्या गोष्टीची परीक्षा होती. साडेबारा वाजता टीव्हीवर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाची शाळा जोडायची होती. त्यांचंही गाव कोळशाचं, खाणीनं उठवलेलं. इकडच्या पोरांनी आपलं गेलेलं गाव तिकडे सांगायचं, तिकडच्यांनी त्यांचं. नकाशा उर्वशी सांगणार. आणि भगवानरावांनी होकार दिल्यामुळे माझा वाघ पेनचा झाला होता.

खिचडीच्या गंजावर झाकण ठेवलं तोच दारात सावली आली. भगवानराव. शाळा समितीचे अध्यक्ष. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पण हातात काठी आली आहे.

"आत या ना."

"ठीक हाय इथंच." ते कधीच आत येत नाहीत. "वाघाले हाव म्हणलो मी."

"आयकलं. मी फेकते हे साऱ्या गावाले ठाऊक हाय. तुमी कवापासून फेकाले लागले?"

ते हसले नाहीत. काठीनं उंबऱ्याजवळची माती टोकरत राहिले.

"सत्यभामा, परदेशातले पोट्टे पाहून राह्यले आज. आता समदे नळाचं पाणी पेते. पिंटू नं उर्वशी एका ताटात खाते. त्यायच्या डोक्शात कायले भरवतं जुनं? वाघच बरा."

मला राग यायला पाहिजे होता. आला नाही, कारण मलाही वाघच बरा वाटत होता. मी म्हटलं, "हाव. वाघच बरा."

दोन पावलं जाऊन ते थांबले. "नेट माह्या घरून हाय. मधात बंद पडलं तं मॅडमले सांगजो, घाबरू नोका म्हणा."

आवाज साधाच होता. पण माझ्या हातातला सराटा जड झाला. शाळेला नेट त्यांच्याच घरून येतं. खिडकीतून वायर आणून वर्गाच्या कोपऱ्यात एक डबी बसवली आहे, हिरवे दिवे लुकलुकणारी. तिचं बटण दाबलं की जग बंद.

अकरा वाजले. शीला मॅडम आल्या, माझ्यासमोर पाटावर बसल्या. कधी बसत नाहीत.

"आजी, वाघ खरा आहे का?"

"पेनचा झाला ना. दोघायनं सांगतलं."

"दोघांनी मिळून ठरवलेलं एकच असतं, आजी. ते दोन नाही." त्या हळू बोलत होत्या, वर्गात ऐकू जाऊ नये म्हणून. "मी काही विचारत नाही. मी राळेगावची आहे, आमच्याकडेही विहिरी होत्या. पण तिकडची पोरं विचारतील. रोज तेच शिकवतो आम्ही, विचारायचं. भर जगासमोर उर्वशी तोंडघशी पडेल. तिला साडेबाराच्या आत सांगा. तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर ते पुस्तकातलं होईल."

"अन् नाई सांगतलं तं?"

"तर ती वाघ सांगेल. मी अडवणार नाही. तुमची विहीर आहे."

तुमची विहीर म्हणाल्या. म्हणजे त्यांना कळलेलंच होतं.

मी गॅस बारीक केला, हात पुसले आणि वर्गात गेले. पोरं जमिनीवर पसरली होती. मधे तो मोठा पांढरा कागद, त्यावर छपरं, नाला, वाट. उर्वशी पोटावर झोपून, जीभ बाहेर काढून वाघाची शेपूट काढत होती. निळं पेन. दोन विहिरींच्या बरोबर मधे चांगला गलेलठ्ठ वाघ उभा होता.

"उर्वशी, जराशी बाहीर ये. एक सांगायचं हाय."

तिनं मान वर केली. तो चेहरा मी जन्मभर विसरणार नाही.

"आजी! तुही पह्यली गोष्ट पेनवर गेली! समदे म्हणे तुही आजी फेकते, फेकते. आता म्हणा म्हणा!"

"व्हय," मी म्हटलं. "शेपूट लांब काढजो." आणि परत येऊन खिचडी हलवत बसले. ती लागायला आली होती.

साडेबाराला टीव्हीत आधी नुसतं निळं दिसलं, मग एक खोली. आमच्यासारखीच, पत्र्याची. बाकांवर पोरं दाटीवाटीनं बसलेली, तिकडे सकाळचे नऊ. पुढे एक पोरगी उभी होती, नोमसा तिचं नाव. तिच्या शेजारी खुर्चीत तिची आजी, डोक्याला लाल फडकं बांधलेलं, मांडीवर हात. मला बरं वाटलं. म्हातारी कुठलीही असो, तिला बसायला खुर्ची दिली म्हणजे घर चांगलं.

भगवानराव कोपऱ्यात, डबीशेजारी बसले. मुद्दामच बसले.

नोमसा इंग्रजीत बोलायची, शीला मॅडम मराठीत सांगायच्या. त्यांच्या गावची कबरस्तानं खाणीनं हलवली, हाडं नव्या जागी नेली, पण कुणाची कुठली ते आता कळत नाही.  पिंटूनं वहीत पेन्सिलनं लिहिलं.

मग उर्वशी उठली. कागद दोन पोरींनी धरला. तिनं छडीनं दाखवलं. "हे आमचं जुनं गाव. ही शाळा. हा नाला. ही माणसाची इहीर. अन् ही वाघाची."

मॅडमनी इंग्रजी केलं. पलीकडे पोरं आनंदानं हसली. कुणीतरी डरकाळी फोडली. नोमसानं काहीतरी विचारलं.

"ती विचारते, वाघाला कुणी पाहिलं?"

"माह्या आजीनं," उर्वशी ताठ उभी राहून म्हणाली. "अन् पिंटूच्या आबानं. दोघायनं."

नोमसानं वळून आपल्या आजीला सांगितलं. म्हातारी पुढे झुकली. टीव्हीतून तिनं आमच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि हसली. ते हसू मी ओळखलं. मी स्वतः तसंच हसते, कुणी माझ्यापुढे फेकायला लागलं की. मग ती तिच्या भाषेत बोलली, बराच वेळ. नोमसानं इंग्रजी केलं. शीला मॅडमनी लगेच मराठी केलं नाही. आधी माझ्याकडे पाहिलं.

"नोमसाची आजी म्हणते, आमच्या गावातही दोन नळ होते. एक गोऱ्यांचा, एक आमचा. आमच्या नळाला पाणी कमी यायचं." मॅडम पुढे म्हणाल्या, "त्या विचारतात, तुमच्या दुसऱ्या विहिरीचा वाघ दोन पायांचा होता का?"

 उर्वशी छडी तशीच धरून उभी. तिला अजून काही कळलं नव्हतं, पण काहीतरी कळायचं आहे एवढं कळलं होतं. भगवानरावांचा हात डबीवर गेला. बोट बटणावर.

मला वाटलं, दाबा. दाबा एकदाचं.

नाही दाबलं. नुसतं बोट ठेवलं. आणि तिकडे ती लाल फडक्याची म्हातारी वाट पाहत बसली होती, मी खोटं बोलते की खरं ते बघायला.

मी उठले. सराटा हातातच राहिला होता.

"मॅडम, त्यायले सांगा. वाघ नोयता. मोठी इहीर गावाची होती, आमाले तिच्यावर चढू देत नोयते. म्हणून आमच्या मोहल्ल्यातल्या माणसायनं धम्म घेतल्यावर दुसरी खणली. माह्या सासऱ्यानं पह्यली कुदळ मारली. दोन सालं लागले, खाली गोटाच गोटा. पण ते उनाळ्यात आटे. मी नवी नवरी होती तवा आटली. मोठ्या इहिरीपाशी घागर घेऊन उभी राह्यली, कोणी तरी वतून देईन म्हणून. सकाऊनपासून दुपारपावतर उभी होती. रिकामी घागर घेऊन घरी गेली."

एवढंच. एवढी छोटी गोष्ट मी जन्मात सांगितली नव्हती. ना बैल, ना पायऱ्या.

आणि पोरं हसली.

"आजी फेकून राह्यली!" मागून कुणीतरी. पिंटू म्हणाला, "मंग इहिरीतून बैल जांभई देत निंघाला काय?" अख्खा वर्ग खिदळला. सत्तर वर्षांची मी, त्या पोरांपुढे उभी, आणि माझ्याजवळ पुरावा म्हणून आभाळातल्या फोटोतले दोन ठिपके.

उर्वशी हसली नाही. ती माझ्याकडे रागानं पाहत होती.

"आजी, ते पुस्तकातलं हाय. चौदा एप्रिलले सांगते ते. लई जुनं, दुसऱ्या गावचं. आपल्या गावात नाई. पिंटूच्या घरचे असे नाई." तिचा आवाज फुटला. "तूच तं म्हणली वाघ!"

काय सांगू तिला? की तू जन्मली तेव्हा नव्या गावात नळ होता, आणि मी ठरवलं होतं की या घरात एक तरी पोरगी अशी वाढेल जी हंडा उचलण्याआधी आजूबाजूला पाहणार नाही? ती तशी वाढली होती. इतकी छान वाढली होती की माझ्यावर विश्वासच ठेवत नव्हती.

"आता कोणतं लिवू?" तिनं डोळे पुसले आणि मॅडमकडे वळली. "मॅडम, आजीनं एकटीनं सांगतलं. म्हणजे पेन्सिल. दुसरं कोण सांगते?"

  एकेक करत बावीस डोकी कोपऱ्याकडे वळली. शेवटी पिंटूचं वळलं.

"आबा?" तो म्हणाला. "आजी फेकते ना?"

भगवानरावांचं बोट अजून बटणावरच होतं. हिरवे दिवे लुकलुकत होते. टीव्हीत नोमसाची आजी हलली नव्हती. मी भगवानरावांकडे पाहायचं टाळलं, सराट्याला चिकटलेला भात नखानं काढत बसले.  मला वाटलं, घागर घेऊन उभी होते ती दुपार परत आली.

"दोर मी धरला होता," भगवानराव म्हणाले.

कुणाला समजलं नाही. त्यांनी हात डबीवरून काढून काठीवर ठेवला.

"मी अकरा-बारा वर्साचा असन. हे उभी होती, उनात. मी बादली सोडली, म्हणलं देऊ वतून. माह्या बापानं पाह्यलं. माह्या हातावर मारलं. दोर सुटला, बादली खाली गेली." ते पिंटूकडे पाहत नव्हते, कागदावरच्या वाघाकडे पाहत होते. "बादली काढाले मंग गळ टाकला. ते बी मीच टाकला. हे उभीच होती. पाहून राह्यली होती."

मला बादलीचं आठवतच नव्हतं. मला फक्त रिकामी घागर आठवत होती. पन्नासवर वर्षं झाली, त्या दिवशी माझ्यासाठी कुणी दोर धरला होता हे मला माहीत नव्हतं.

"लिव," ते उर्वशीला म्हणाले. "पेननं लिव."

मग उठले, दारात चपला शोधल्या. एक सापडेना. पिंटूनं उठून पायापुढे सरकवली. भगवानराव गेले. नेट चालूच राहिलं, संध्याकाळपर्यंत.

मॅडमनी सगळं इंग्रजीत सांगितलं. मधे एकदा थांबल्या, चष्मा पुसला. नोमसाच्या आजीनं हात वर केला, पंजा उघडा. मीही केला, सराट्यासकट. मग दोन्हीकडची पोरं हसली, आणि यावेळी ते हसणं बरं होतं.

जेवणं झाली. मीठ दोनदा पडलं होतं, कुणी तक्रार केली नाही. पिंटू आणि उर्वशी एका ताटात जेवले. पिंटू भात चिवडत होता. अर्ध्यावर त्यानं विचारलं, "तुले राग आला काय?" उर्वशी म्हणाली, "माहीत नाई. तू लोणचं घे."

शाळा सुटल्यावर मी नळाखाली राखेनं गंज घासत होते. खिडकीतून वर्ग दिसत होता. उर्वशी एकटीच टीव्हीपुढे उभी राहून ती सालांची पट्टी पुढे ओढत होती. दोन ठिपके. मग कडेनं राखाडी डाग. डाग वाढला, नाला गेला, शाळा गेली. आधी मोठी विहीर बुजली, पुढच्या सालात आमची. मग नुसता डोंगर. तिनं पुन्हा मागं ओढलं, पुन्हा पुढं. चार-पाच वेळा.

मग कागदाची गुंडाळी घेऊन माझ्याजवळ आली आणि ओट्यावर पसरून बसली. दुसऱ्या विहिरीवर "वाघाची" होतं, त्यावर काट मारून नवीन लिहिलं होतं, पेननं, जरा वाकडं. 'आमची. आम्ही खणली.'

"बराबर?"

"बराबर."

"पण हा वाघ खोडता येत नाई." तिनं बोटानं घासून दाखवलं. "पेनचा हाय. ह्याले काय करू?"

मी राखेचे हात धुतले. वाघ खरंच चांगला जमला होता. शेपूट सांगितली तशी लांब.

"राहू दे. कोणाचं काय घेते तो."

तिनं मग विचारलं, "मंग पाणी कोणत्या इहिरीचं पेत होता?"

"दोन्हीचं," मी म्हटलं. "त्याले कोण अडवते?"

उर्वशी हसली नाही. पेनचं टोपण दातानं काढलं, कागदावर वाकली आणि वाघाच्या मिशांवर पाण्याचे चार थेंब काढले.